गोळीचं सांगायचं राहिलं नव्हतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दुकानातल्या दिवाणजीला नाही, मुलीला नाही, मेढ्याला असलेल्या थोरल्या भावाला नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचं तोंड मला दिसत नाही. समोर बसला असतात तर मी बोलणं हळदीच्या भावावर नेलं असतं आणि चहा पाजून तुम्हाला वाटेला लावलं असतं.

मी सांगलीत हळदीचा व्यापार करतो. बापजाद्यांचा नव्हे. मेढ्याच्या वरच्या डोंगरातून आलो, ह्याच बाजारात पाठीवर पोती वाहिली, मग दुसऱ्याच्या दुकानात झाडलोट केली, मग दलाली, मग स्वतःचं दुकान. हे कशाला सांगतोय? कौतुक करून घ्यायला — हो, थोडं त्यासाठीच. कुठलीही गोष्ट सांगताना मी आधी हे सांगतो. समोरच्यानं माझी किंमत नीट लावावी म्हणून.

सांगितलेला भाव मी कधी दिला नाही. दवाखान्यात घासाघीस केली, मुलीच्या लग्नाच्या कार्यालयात केली, आईच्या दहाव्याला भटजींशीसुद्धा केली. डोकं लवकर तापतं माझं. काही वेळा खरंच तापतं. काही वेळा मी तापवतो, कारण तापलेल्या माणसाशी लोक फार वेळ भांडत नाहीत, भाव सोडतात. हे मला फार लवकर कळलं होतं. घरातही त्याचा उपयोग होतो हे मागाहून कळलं.

माझी बायको शालन आष्ट्याची. तिकडची मंडळी ऊसवाली, सासरे फौजेतून सुभेदार होऊन आलेले. आमच्या लग्नात पंगत बसली होती आणि कुणीतरी पाहुण्यानं सासऱ्यांना विचारलं, जावई काय करतात. ते म्हणाले, "हळदीच्या बाजारात असतात." पाहुणा म्हणाला, म्हणजे व्यापारी? सासरे पुन्हा म्हणाले, "बाजारात असतात." एवढंच. मी ऐकलं. ताटातली जिलेबी तशीच ठेवली. तुम्ही म्हणाल, एवढ्यावर इतकी वर्षं? हो, इतकी वर्षं. सासरे गेले, त्यांच्या तिरडीला मी खांदा दिला, आणि खांदा देताना मला ते वाक्य आठवत होतं.

शालनला एकच भाऊ — विलास. तिच्याहून बराच लहान. तिनं त्याला कडेवर वाढवला. तो फौजेत गेला, हवालदार होऊन परत आला आणि विम्याची एजन्सी घेतली. मोटरसायकलवरून आष्टा ते सांगली फिरायचा, कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. मी दिसलो की उठून उभा राहायचा, दाजी म्हणायचा. त्यानं माझं काही वाईट केलं नव्हतं. पण तो उभा राहायचा ना, ते ताठ, फौजेतल्यासारखं. मला वाटायचं, हा मला मान देत नाही, कवायत करतोय. बापाचंच रूप दिसायचं मला त्याच्यात.

आता मुद्द्याकडे यायला हवं. पण आधी शालनच्या गोळीचं सांगावं लागेल.

ज्या सहलीचं सांगणार आहे, तिच्या दोनेक वर्षं आधी शालनच्या छातीत दुखलं होतं. मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाची एक नळी जरा अरुंद झालीय, रक्त पातळ राहायची गोळी रोज घ्या, घाबरू नका. तेव्हा मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. आईला असं आहे म्हटलं की पाहुणे मुलीकडे कसे बघतात हे मला माहीत होतं. मी शालनला म्हणालो, कुणाला बोलायचं नाही. माहेरीसुद्धा नाही, तुझी आई म्हातारी, जीव घाबरा करून घेईल. ती नाही बोलली. मी सांगितलेलं तिनं ऐकलं. मुलीचं लग्न झालं, ती साताऱ्याला नांदायला गेली, लपवायचं कारण संपलं. पण एकदा झाकलेलं कुणी मुद्दाम उघडत नाही.

मग एका वर्षी हळदीला भाव लागला. असा लागला की बाजारातली माणसं एकमेकांना बघून हसत होती. कुणीतरी काढलं, सगळ्यांनी बायकांना घेऊन बोटीवर जायचं. सिंगापूरहून सुटणारी क्रूझ, मलेशिया, थायलंड करून परत. ज्यांनी आयुष्यात हरिपूरच्या संगमावर होडीत पाय ठेवला नव्हता ते समुद्रात जायच्या गोष्टी करायला लागले. मी सगळ्यात आधी नाव दिलं. का, ते तुम्हाला कळलं असेल. "बाजारात असतात" म्हणणाऱ्याचा जावई बोटीवर जाणार होता.

प्रवासाचा विमा ज्यानं त्यानं आपला काढायचा होता. शालन म्हणाली, "इलासकडनंच काढा. आनि त्येला माझ्या गोळीचं सांगा बरं का. आता काय लपवायचं हाय?"

मी म्हणालो, सांगतो.

विलासला मी घरी न बोलावता दुकानात बोलावलं. तेव्हा म्हणालो, ते सोयीचं पडेल. कुणाला सोयीचं? घरी आला असता तर शालन चहा घेऊन बाहेर आली असती आणि तिनंच सांगितलं असतं. हे मला तेव्हा माहीत होतं का? होतं. मी स्वतःला असं सांगत आलोय की नव्हतं. पण होतं.

तो आला, उभा राहिला, बस म्हटल्यावर बसला. त्यानं दोन योजना समोर ठेवल्या. सावकाश समजावून सांगायची त्याची पद्धत होती, एखाद्या नव्या शिपायाला बंदूक उघडून दाखवावी तशी. म्हणाला, "दाजी, बोटीवरचा डाक्टर फुकट नसतोय. आनि दुखनं मोठं असंल तर बोट मधल्या बंदरात मानसाला उतरवती आनि फुडं जाती. तिथनं फुडं सगळा खर्च आपला. म्हनून बोटीचं म्हनून जे कलम हाय, ते असलेलीच घ्यायची." दोन्हींत ते कलम होतं. फरक एवढाच, की एकीत आधीपासूनच्या आजाराचीही जबाबदारी कंपनी घेत होती आणि ती महाग होती. दुसरीत घेत नव्हती.

मी सवयीनं भाव पाडायला बसलो. घरचा माणूस आहेस, काहीतरी सोड. तो हसला. "ह्यात आपल्या हातात काय नसतंय दाजी. रेट वरनं येतोय." मी आवाज चढवला. तो तसाच बसून राहिला. फौजेत ह्याहून मोठे आवाज ऐकलेला माणूस. माझं हत्यार चालेना. तुम्हाला कल्पना नाही येणार मला किती राग आला. माझ्या दुकानात, माझ्या गादीसमोर, सुभेदाराचा पोरगा मला सांगतो की भाव कमी होत नाही.

मग त्यानं विचारलं, "आक्काला काय दुखनं, औषधपानी? असंल तर ही म्हागाची घ्यायची. नसंल तर ही."

आणि इथे मी तुम्हाला जे सांगणार होतो, ते मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की मला ते पाठ झालंय. ते असं — मी काही बोललो नाही. गप्प बसलो. आणि गप्प बसणं हे आमच्या धंद्यात खोटं धरत नाहीत. हळदीचा सौदा कसा होतो? पोतं उघडून ठेवतात. घेणारा हात घालून तळाचं हळकुंड काढतो, मोडतो, आतला रंग बघतो, वास घेतो. विकणारा बाजूला उभा असतो. माल आतून खराब आहे हे त्यानं सांगायचं नसतं. घेणाऱ्यानं बघायचं असतं. बघितलं नाही तर ती त्याची चूक. ह्यावर माझं दुकान उभं राहिलंय. विमा कंपनीला शालनचा आजार बघायचा होता तर तिनं माणूस पाठवून बघावा. मी का सांगू?

असं मी कितीदा तरी मनात मांडलंय. पण विमा हा असा सौदा आहे की त्यात कुणी हळकुंड मोडून बघत नाही. विचारतात, आणि तुम्ही सांगाल त्यावर विश्वास ठेवतात. असा धंदा मी आयुष्यात कधी केला नव्हता. आणि शालन म्हणजे पोतं नव्हती — हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

आणि मी गप्पही बसलो नव्हतो. तेही खोटंच. मी हसलो. मांडीवर थाप मारली आणि म्हणालो, "तुझ्या आक्काला काय झालंय रं? माझ्याहून ठणठणीत हाय. मला घालवून मगच जाईल ती."

विलासही हसला. त्याला बरं वाटलं असणार. बहीण ठणठणीत आहे हे ऐकून कुणाला बरं वाटणार नाही? त्यानं स्वस्तातली योजना पुढं केली. भाव पडला होता. मी पाडला होता. किती पडला? त्या संध्याकाळी बाजारातल्या मित्रांना मी भेळ आणि चहा दिला, त्याहून फार नाही.

बोटीवर शालन खूश होती. हे मला सांगायलाच हवं. सकाळी लवकर उठून ती कठड्याशी जाऊन उभी राहायची, पदर डोक्यावरून घेऊन, वाऱ्यात. म्हणायची, कृष्णेला पूर आला की असंच दिसतंय, फक्त ह्याला पलीकडचा काठ न्हाई. एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिनं चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. घामानं कपाळावरचं कुंकू ओघळलं होतं.

बोटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, पहले से कोई दवा? शालननं लगेच सांगितलं, दोन वर्षांपासून अमुक गोळी, रोज, जेवणानंतर. तिला लपवायचं काय होतं? तिच्या लेखी ते विम्यात सांगून झालेलं होतं. डॉक्टरीणबाई लिहून घेत होत्या आणि मी तिथं उभा होतो. बायकोचा जीव जातोय की राहतोय ते कळत नव्हतं, आणि माझ्या मनात आलं ते हे — ही आता बोलली. पहिला विचार तोच आला. दुसरा तिच्या जिवाचा. हा क्रम मी कुणाला सांगितला नव्हता.

मलेशियातल्या एका बंदरात आम्हाला उतरवलं. विलास म्हणाला होता तसंच, बोट पुढे गेली. बाजारातली मंडळी कठड्यावरून हात हलवत होती. मोठ्या दवाखान्यात तिच्या नळीत जाळी बसवली. ती वाचली. विलास आष्ट्याहून रोज फोन करत होता. कंपनीच्या लोकांना धरत होता, मला धीर देत होता. मग एके दिवशी त्याचा फोन आला आणि त्यानं आधी तब्येत विचारली. मग म्हणाला, "दाजी, आक्का आदीपासनं गोळी घेत हुती?"

मी म्हणालो, मागनं बोलू. फोन ठेवला.

बोटीवरच्या कागदात गोळीची नोंद होती, त्यावरून कंपनीनं विम्याचे पैसे नाकारले. दवाखान्याचे पैसे मी भरले. ते झेपले मला. त्याची गोष्ट नाही ही.

सांगलीला आल्यावर शालननं पलंगावरून विचारलं, "तुमी इलासला गोळीचं सांगितलं हुतं न्हवं?" विचारताना तिच्या आवाजात संशय नव्हता. नुसतं विचारत होती, गॅस बंद केला का विचारावं तसं. त्या क्षणी मी सांगितलं असतं तर काय झालं असतं? ती रडली असती. चार दिवस बोलली नसती. मग बोलली असती. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं माझं ह्याहून जास्त पोटात घातलंय.

मी म्हणालो, "सांगितलं हुतं. दोनदा सांगितलं. त्येनंच लिवलं न्हाई. स्वस्तातली लवकर खपती ना."

दुसऱ्याच दिवशी विलास आला. डाळिंबं घेऊन. चपला काढत होता तोवरच शालननं आतून विचारलं, "इलास, ह्यांनी तुला माझ्या गोळीचं सांगितलं हुतं, व्हय का न्हाई?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी तोंड उघडलं होतं. माझी सगळी तयारी होती — ओरडायची, त्याला खोटा पाडायची, सुभेदाराच्या घराण्याचा उद्धार करायची. त्यानं मला वेळच दिला नाही. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "दाजींनी सांगितलं असंल आक्का. माज्याच ध्यानात ऱ्हायलं नसंल."

शालन पलंगावरून उठून बाहेर आली. मग म्हणाली, "तुला मी कडंवर वाडिवला. माजा जीव तुज्या ध्यानात ऱ्हायला न्हाई?"

तो उभाच होता. ताठ. ते कवायतीचं ताठ नव्हतं हे मला त्या दिवशी दिसलं. थोड्या वेळानं तो गेला. डाळिंबं तिनं शेजारी देऊन टाकली.

तो का असं बोलला? मला कळलं ते मी सांगतो. बहिणीला तिचा नवरा खोटारडा म्हणून त्याला दाखवायचा नव्हता. तिला ह्याच घरात राहायचं होतं, माझ्यासोबत, छातीत जाळी घेऊन. भावाविना ती राहिली असती. ह्या दोहोंत त्यानं निवड केली, दारात उभ्या उभ्या, एका श्वासात.

मग मी तरी थांबायचं होतं. मी थांबलो नाही. बाजारात, लग्नकार्यात, जिथं विम्याचं निघेल तिथं मी सांगत राहिलो, मेव्हण्यानं बुडवलं, आजार सांगून लिहिला नाही. घरच्याच माणसानं सांगितल्यावर कोण विश्वास ठेवणार नाही? आष्ट्यातलीसुद्धा माणसं त्याच्याकडं विमा काढेनाशी झाली. त्यानं एजन्सी सोडली. आता तो एका साखर कारखान्याच्या गेटवर उभा असतो, खाकीत.

मला त्याचा राग आहे. अजून आहे, हेही कबूल करतो. आयुष्यात मी कुणाकडून काही फुकट घेतलं नाही, आणि ह्या माणसानं माझ्या पदरात एवढं मोठं टाकलं आणि बदल्यात काही मागितलं नाही. घासाघीस करायला जागाच ठेवली नाही. त्यानं एकदा कुठं बोलून दाखवलं असतं, चारचौघांत माझा गळा धरला असता, तर मी त्याच्याशी भांडून मोकळा झालो असतो. एकदा पेट्रोल पंपावर तो समोर आला. मी गाडीची काच वर करणार होतो. तो खिडकीशी वाकला आणि म्हणाला, "आक्काची गोळी चालू हाय न्हवं, दाजी?" मी म्हणालो, हाय. तो मान हलवून आपल्या मोटरसायकलकडं गेला. घरी येऊन मी ताट भिंतीवर फेकलं. शालनला वाटलं, भाजीत मीठ जास्त झालं.

सासूबाई गेल्या तेव्हा शालन आष्ट्याला गेली, आईच्या पायाशी बसली, भावाशी न बोलता परत आली. मी गाडीत वाट बघत होतो.

भाऊबीजेला ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. तुम्हाला माहीत असेलच. शालन आता चंद्राला ओवाळते. आष्ट्याहून मोटरसायकलवर निघाला तर पाऊण तासात येईल एवढ्यावर तिचा भाऊ आहे. आणि ती गच्चीवर जाऊन पश्चिमेकडं तोंड करून उभी राहते. त्या दिवशीची कोर बारीक असते आणि लवकर मावळते, म्हणून तिची घाई चाललेली असते. ताटात सुपारी, अक्षता, निरांजन आणि विलासला आवडायच्या म्हणून खसखस जास्त घातलेल्या करंज्या. त्या का करते हे मी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी कामवालीला देते.

ह्या वर्षी वारा होता. दोनदा निरांजन विझलं. तिनं तिसऱ्यांदा वात लावली आणि मला हाक मारली, "आवं, जरा वर या. आडवा हात धरा."

मी वर गेलो. ती कोरीकडं बघत ताट फिरवत होती, ओठ हलत होते, कुणासाठी ते मी ऐकलं नाही. दोन्ही हात मी ज्योतीभोवती धरले होते. हात भाजत होते. ओवाळून होईपर्यंत मी ते तसेच धरून ठेवले, आणि बोललो नाही.